आर्थिक कार्ड कोणतं लावू?

प्रश्न : 'सिव्हिलायझेशन ६' या कॉम्प्युटर गेममध्ये सुरुवातीला आर्थिक धोरणाचं एकच कार्ड लावता येतं. मी 'अर्बन प्लॅनिंग' लावतो आणि नंतर त्याला हात लावत नाही. प्रत्येक शहराला 1 प्रॉडक्शन (बांधणीची ताकद) जादा मिळतं, मग बदलायचं कशाला? तरी कॉम्प्युटरची शहरं माझ्या दुप्पट होतात.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पुढच्या आठ-दहा टर्नमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, काय बनवणार आहात, ते आधी ठरवा आणि मग कार्ड निवडा. नवीन शहरं हवीत ना? मग शहर वसवणाऱ्या सेटलरचाच हिशेब घालू. साधारण वेगाच्या खेळात पहिला सेटलर 80 प्रॉडक्शनचा. राजधानी टर्नला 8 देत असेल तर 10 टर्न. तुमच्या लाडक्या कार्डाने 8 चे 9 होतात, वाचतो जेमतेम एक टर्न. 'अर्ली एम्पायर' हा सिव्हिक (संस्कृतीतला टप्पा) पूर्ण झाल्यावर मिळणारं 'कॉलोनायझेशन' सेटलरवर 50 टक्के वाढवून देतं. 8 चे 12 झाले की तेवढंच काम 7 टर्नमध्ये उरकतं. पुढचा प्रत्येक सेटलर आणखी महाग, म्हणजे फरकही वाढत जातो. सेटलर झाले की मात्र कार्ड लगेच काढा. निफाडकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, एप्रिलची छाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची घडासाठी. एप्रिलात कोणी घड मागत नाही.

सिव्हिक पूर्ण झाला की त्या टर्नला बदल फुकट असतो. अधेमधे मन बदललं तर सोनं मोजावं लागतं.

'कॅरव्हॅनसराय' हे कार्ड दर व्यापारी मार्गामागे 2 सोनं देतं. एकच मार्ग असेल तर विसरा.

माझं आवडतं कार्ड 'सर्फडम', 'फ्युडॅलिझम'नंतरचं. बिल्डर, म्हणजे शेतं-खाणी उभारणारा कामगार, 3 कामं करून संपतो, त्याला आणखी 2 मिळतात. पण कार्ड लागलेलं असताना तयार झालेल्या बिल्डरलाच, जुन्यांना नाही. विकत घेतलेल्यालाही मिळतात, म्हणून मी आधी सोनं साठवतो आणि कार्ड लागलं की एकदम खरेदी करतो. हे जरा बनियेगिरीचं वाटेल, वाटू दे.

दोन आर्थिक जागा हव्या असतील तर 'पोलिटिकल फिलॉसॉफी'नंतर 'क्लासिकल रिपब्लिक' ही राज्यपद्धती घ्या. त्यात लष्करी जागा मुळीच नाही. रानटी टोळ्या आसपास फिरत असतील तर वाइल्डकार्डच्या (कुठलंही कार्ड चालतं अशा) जागेत टोळ्यांशी लढताना बळ देणारं 'डिसिप्लिन' हे लष्करी कार्ड टाका आणि मगच सेटलर बाहेर काढा.