मॅकटॉमिने नापोलीत जाऊन एवढा कसा बदलला? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मे 2025 मध्ये नापोलीने इटलीची फुटबॉल लीग जिंकली, त्याच वर्षी नोव्हेंबरात स्कॉटलंडने डेन्मार्कला हरवून विश्वचषकाचं तिकीट काढलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच नाव फिरतंय. म्हणून हा स्तंभ सगळा या दोन्ही संघांतल्या मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या स्कॉट मॅकटॉमिनेला दिला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं थोडी छाटलीत.

प्रश्न (पुणे) : मी वर्षानुवर्षं मँचेस्टर युनायटेड बघतोय. तिथे हा गडी दोन पास सरळ देईना. नापोलीत गेला आणि पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू! इटलीची लीग सोपी आहे, की आम्हीच आंधळे होतो?

इटलीची लीग सोपी नाही. नापोलीने ज्या इंटर मिलानला एका गुणाने मागे टाकलं (82 विरुद्ध 81), तो संघ त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. आणि तुम्ही आंधळेही नव्हता. युनायटेडमध्ये जे दिसत होतं ते खरंच होतं. फक्त त्याला जे काम दिलं होतं, ते त्याचं नव्हतं.

युनायटेडचा प्रशिक्षक सोल्शायरच्या काळात तो आणि ब्राझीलचा फ्रेड बचावफळीच्या पुढ्यात जोडीने खेळायचे. या जागेवरच्या माणसाने बचावपटूकडून चेंडू घ्यायचा, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना वळायचं आणि पुढे पास सोडायचा. यातलं वळणं हेच मॅकटॉमिनेचं दुखणं. अंगावर दबाव आला की तो चेंडू परत मागे देतो. सहा फूट चार इंचांचा माणूस अडीच फुटांच्या जागेत गिरकी कशी घेणार? चाहत्यांनी त्या जोडीला 'मॅकफ्रेड' असं नाव ठेवलं होतं, ते काही प्रेमाने नाही.

पण खुणा तेव्हाही होत्या. डिसेंबर 2020 मध्ये लीड्सविरुद्ध त्याने पहिल्या तीन मिनिटांत दोन गोल केले. प्रीमियर लीगमध्ये तोवर असं कुणीच केलं नव्हतं. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध युनायटेड 0-1 ने मागे होतं. हा 87 व्या मिनिटाला उतरला, भरपाई वेळेत दोन गोल केले आणि सामना फिरवला. त्या मोसमात सगळ्या स्पर्धा धरून त्याचे दहा गोल झाले, तेही बऱ्याचदा बाकावरून येऊन. हे गोल एकाच साच्यातले आहेत : मागून धावत यायचं, बचावपटूंचं लक्ष दुसरीकडे असताना पेनल्टी क्षेत्रात शिरायचं आणि एका स्पर्शात चेंडू मारायचा.

नापोलीचा तेव्हाचा प्रशिक्षक अँटोनियो कॉन्टेने नेमका तो साचाच उचलला. त्या मोसमात नापोलीत चेंडू मागून पुढे आणायला लोबोत्का होता, मैदान झाकायला आंग्विसा होता आणि पुढे रोमेलू लुकाकू. लुकाकू गोलकडे पाठ करून दोन सेंटरबॅकना, म्हणजे मधल्या बचावपटूंना, अंगावर घेऊन उभा राहायचा. त्या दोघांच्या मागे-पुढे जी फट पडायची, तिच्यात डावीकडून मॅकटॉमिने घुसायचा. बांधणीची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेतली गेली. थोडक्यात, त्याला नवं काही शिकवण्यापेक्षा त्याच्याकडून कमी मागितलं गेलं. माझ्या मते कॉन्टेचं त्या मोसमातलं सगळ्यात हुशार काम हेच, आणि ते त्याने अशा संघात केलं जो आदल्या मोसमात दहावा आला होता. जानेवारीत डावीकडचा आघाडीवीर क्वारात्सखेलिया पॅरिसच्या क्लबला निघून गेल्यावर तर डावीकडून गोल येणार कुठून, हा प्रश्नच होता.

34 लीग सामन्यांत 12 गोल. त्यातले पाच एकट्या एप्रिलमधले, आणि तेही लागोपाठच्या तीन सामन्यांत : एम्पोलीविरुद्ध दोन, मोन्झाविरुद्ध एक, तोरिनोविरुद्ध दोन. विजेतेपदाची शर्यत तिथेच वळली. शेवटच्या दिवशी, 23 मे रोजी, काग्लियारीविरुद्ध पहिलं सत्र संपत आलं तरी कोंडी फुटेना. तिकडे इंटरने कोमोवर आघाडी घेतलेली. 42 व्या मिनिटाला पोलितानोने उजवीकडून क्रॉस टाकला आणि याने हवेत आडवं होऊन कात्री मारली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती; आमच्या इमारतीत मी एकटाच ओरडलो असेन. दुसऱ्या सत्रात लुकाकूने दुसरा गोल केला आणि नापोलीचं चौथं विजेतेपद पक्कं झालं.

प्रश्न (ठाणे) : पाच वर्षांचा असल्यापासून क्लबमध्ये वाढलेला मुलगा. त्याला विकायची दुर्बुद्धी युनायटेडला का झाली?

हिशेबाच्या वहीमुळे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत क्लब त्याच्या कराराच्या वर्षांत वाटून टाकतो. 5 कोटी पौंडांना पाच वर्षांसाठी घेतला, तर दरवर्षी 1 कोटी खर्ची. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत 3 कोटी उरते. तेव्हा 4 कोटींना विकला, तर नफा फक्त 1 कोटी. अकादमीतून वर आलेल्या मुलाची वहीतली किंमत मात्र शून्य. तो जितक्याला विकला जाईल तो सगळा निव्वळ नफा.

प्रीमियर लीगच्या 2024 मधल्या नियमाप्रमाणे क्लबला तीन वर्षांत मिळून साधारण 10.5 कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालायचा. त्यामुळे घरचा मुलगा विकणं हा वही सावरायचा सगळ्यात सोपा मार्ग होऊन बसला होता. मॅकटॉमिनेचे सुमारे अडीच कोटी पौंड आले आणि त्याच दिवशी, 30 ऑगस्ट 2024 रोजी, युनायटेडने पॅरिसहून मॅन्युएल उगार्टेला आणलं. नियम करणाऱ्यांचा हेतू क्लबांनी उधळपट्टी करू नये हा होता. व्यवहारात तो आपल्याच पोरांना बाजार दाखवणारा नियम ठरला. याबाबतीत मी युनायटेडला पूर्ण दोषी धरत नाही. पण 255 सामने आणि 29 गोल एवढी चाकरी केलेल्या माणसाची खरी जागा कोणती, हे इतक्या वर्षांत एकाही प्रशिक्षकाला नीट उमगू नये, याचं खापर नियमांवर फोडता येणार नाही.

प्रश्न (नाशिक) : त्याचा जन्म इंग्लंडचा. मग स्कॉटलंडकडून कसा खेळतो? इंग्लंडने घेतलं नाही म्हणून?

जन्म लँकेस्टरचा, पण वडील स्कॉटलंडमधल्या हेलन्सबरोचे. (टेलिव्हिजनचा जनक जॉन लोगी बेअर्डही त्याच गावचा.) फिफाच्या नियमांत आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या जन्मस्थानावरून देश निवडता येतो. 2018 मध्ये त्याच्यावर इंग्लंडचाही डोळा होता, तेव्हा 'कुणी घेतलं नाही' हे काही खरं नाही. त्याने स्कॉटलंड निवडलं आणि मार्चमध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर कोस्टारिकाविरुद्ध पदार्पण केलं. तो सामना स्कॉटलंड 0-1 हरलं.

पुढची काही वर्षं तिथेही त्याची फरफटच झाली. जून 2021 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला 0-0 रोखलं, त्या सामन्यात हा चक्क तीन जणांच्या बचावफळीत होता. स्कॉटलंडचा प्रशिक्षक स्टीव्ह क्लार्कने त्याला हळूहळू पुढे सोडलं आणि 2024 च्या युरोच्या पात्रता फेरीत त्याने सात गोल केले. म्हणजे नापोलीच्या आधी त्याची जागा सापडली होती ती त्याच्या राष्ट्रीय संघाला.

प्रश्न (कोल्हापूर) : मी पेठेतल्या एका संघाच्या लहान मुलांना शिकवतो. चौदा वर्षांचा एक पोरगा आहे, डोकं भन्नाट, पण अंगकाठी बारकी. मोठी पोरं ढकलून देतात. गुडघे दुखतात म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, फुटबॉल सोडून दुसरं काही बघ. मॅकटॉमिनेही लहानपणी बुटका होता असं वाचलं, ते खरं का?

खरं आहे. युनायटेडच्या युवा संघांत तो चणीने लहान होता आणि आघाडीला खेळायचा. बहुतेकांची उंची थांबते त्या वयात त्याची सुटली आणि थोड्या काळात तो ताडमाड झाला. त्या काळात दुखापती आणि वाढीच्या तक्रारींमुळे कितीतरी सामने बुडाले. पहिल्या संघाकडून पदार्पण झालं ते मे 2017 मध्ये, आर्सेनलविरुद्ध, विसाव्या वर्षी. आणि ते देणारा कोण, तर तरुणांना संधी न देण्याबद्दल बदनाम असलेला, युनायटेडचा तेव्हाचा प्रशिक्षक मोरिन्यो! पुढच्या वर्षी त्याने खास आपल्याकडून याला मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीसही दिलं.

पण तुमच्या पोराची उंची अशीच वाढेल, असं मात्र त्याच्या वडिलांना सांगू नका. ते कुणाच्याच हातात नाही. सांगायचं ते असं की चौदाव्या वर्षी मुलांचं जन्मवय आणि शरीराचं वय यांत दोन-दोन वर्षांचा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसऱ्याचा अजून आवाजही फुटलेला नाही, आणि दोघं एकाच वयोगटात. आज जो ढकलून देतो, तो कदाचित फक्त आधी वाढलाय. म्हणूनच इंग्लंडमधल्या अकादम्या अधूनमधून मुलांना वयाऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडून खेळवतात. हे तुम्हाला शाहू स्टेडियमच्या बाहेर कुठल्याही मोकळ्या मैदानावर, एक पैसा खर्च न करता करता येईल. आठवड्यातून एक दिवस त्याला त्याच्याच चणीच्या पोरांत खेळवा. तिथे त्याला चेंडू पायाशी ठेवायची मुभा मिळेल. दुसरा एक दिवस मोठ्यांतच ठेवा, म्हणजे धक्का लागायच्या आत चेंडू सोडायची सवय लागेल. बारक्या पोरांना ही सवय गरजेपोटी लागते, धिप्पाड पोरांना पुढे मुद्दाम शिकवावी लागते.

गुडघ्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. गुडघ्याच्या वाटीखाली पुढे हाडाचा उंचवटा असतो. तिथे दाबलं की दुखत असेल, तर वाढीच्या वयात उड्या-धावण्याने होणारा तो नेहमीचा त्रास असू शकतो. अशा वेळी मैदानाला फेऱ्या आणि बेडूकउड्या आधी बंद करा, पासिंग चालू ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. 'दुखतंय तरी पळ' म्हणणारे प्रशिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या हाताखालची पोरं सोळाव्या वर्षी मैदानावर दिसत नाहीत.

प्रश्न (डोंबिवली) : स्कॉटलंडचा आजवरचा सर्वोत्तम मिडफिल्डर म्हणायचा का?

नाही. ग्रॅम सूनेसने लिव्हरपूलबरोबर तीन युरोपियन कप आणि पाच लीग विजेतेपदं मिळवली, नंतर इटलीत जाऊन 1985 मध्ये साम्पदोरियाला त्यांचा पहिला इटालियन कपही जिंकून दिला. पास, टॅकल, दरारा यांत तो याच्या कितीतरी पुढे. डेव्ह मॅके आणि बिली ब्रेम्नर यांची नावंही आधी येतात.

एक नाव मात्र लोक विसरतात, म्हणून मुद्दाम घेतो : पॉल लँबर्ट. मदरवेलसारख्या छोट्या क्लबचा करार संपवून हा जर्मनीत डॉर्टमुंडला गेला आणि 1997 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात युव्हेंटसच्या झिदानला त्याने जखडून ठेवलं. पहिल्या गोलचा क्रॉसही त्याचाच. ब्रिटनबाहेर जाऊन स्कॉटिश मिडफिल्डर मोठा होतो, हे मॅकटॉमिनेच्या आधी त्याने दाखवलं होतं.

गोल करणारा मिडफिल्डर एवढंच मोजायचं असेल तर वाद घालायला मी तयार आहे.

प्रश्न (सांगली) : परदेशी खेळाडू इटलीत रुळत नाहीत म्हणतात. हा कसा रुळला?

स्कॉटलंडचाच बिली गिल्मोर त्याच दिवसांत नापोलीत आला, त्यामुळे घरचं बोलायला सोबत होती. बाकी जेवणाने काम केलं असावं. इंग्लंडमध्ये टोमॅटो म्हणजे नुसतं लाल पाणी, इथले टोमॅटो मात्र खाऊन संपत नाहीत, अशा अर्थाचं तो मुलाखतीत बोलला आणि सगळं नेपल्स खूश झालं. त्या गावाला जिंकायला गोलनंतर दुसरं काही लागत असेल तर ते हेच.

प्रश्न (मडगाव) : डेन्मार्कविरुद्धची ती उलटी किक सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. त्याचा एकच सामना पूर्ण बघायचा असेल तर तोच बघू का?

सामना म्हणून जरूर बघा. 18 नोव्हेंबर 2025, हॅम्पडन. तिसऱ्याच मिनिटाला गॅनन-डोकच्या क्रॉसवर ती किक; चेंडूला पाय लागला तो जमिनीपासून अडीच मीटर उंचीवर, असं नंतर सांगितलं गेलं. डेन्मार्कने दोनदा बरोबरी साधली, पण भरपाई वेळेत टियर्नीने एक गोल केला आणि केनी मॅक्लीनने थेट मध्यरेषेजवळून दुसरा. 4-2. स्कॉटलंड 1998 नंतर प्रथमच विश्वचषकात. गंमत अशी की त्यांच्या गटात ब्राझील आणि मोरोक्को आले, आणि 1998 लाही तेच दोघे होते. आठ विश्वचषक खेळून तोवर एकदाही पहिली फेरी न ओलांडलेल्या देशाला ड्रॉ काढणाऱ्यांनी एवढं छळू नये.

पण मॅकटॉमिने समजून घ्यायचा असेल तर मी मार्च 2023 चा स्पेनविरुद्धचा सामना सुचवेन. तोही हॅम्पडनवर, 2-0, दोन्ही गोल याचे. दोन्ही वेळा चेंडू डावीकडून आत आला आणि हा मागून येऊन उभा. दुसऱ्या गोलआधी टियर्नी डाव्या कडेने सुसाट सुटतो. त्याचा क्रॉस स्पेनच्या बचावपटूंच्या पायांतून बाहेर येतो आणि मॅकटॉमिने तो न थांबवता तसाच मारतो. पहिल्यांदा बघताना तुम्ही टियर्नीच्याच मागे जाल, सगळेच जातात. म्हणून ती धाव दोनदा बघा, आणि दुसऱ्यांदा नजर चेंडूवरून काढून मधल्या पट्ट्यात ठेवा.