दतियाची राकड जमीन : आठ झाडं का जगली?

तुमची हकिकत दोनदा वाचली. दतियाजवळ सासऱ्यांची दोन बिघे उताराची जमीन, गेल्या पावसाळ्यात लावलेली आंबा-लिंबाची तीस कलमं, दिवसाआड टँकर, आणि तरी वैशाखात बावीस वाळली. आता तळ्यातली काळी माती ट्रॉलीने आणून खड्डे भरावेत का, असं विचारताय. आधी उत्तर देतो, मग कारण : नका भरू.

तुम्ही ओझरतं लिहून गेलात की जगलेल्या आठांपैकी पाच झाडं 'त्या मोठ्या उघड्या खडकाच्या खाली एका रांगेत' आहेत. तुमचं उत्तर त्या रांगेतच आहे.

तुमचं बालपण इंदूरचं. माळव्यात बेसाल्ट कुजून काळी माती झाली. तो खडक चुना आणि मॅग्नेशियम बाळगून असतो, त्यातून फुगणारी चिकणमाती निघते आणि पाणी धरून बसते. इथलं गणित निराळं. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा डोंगर वालुकाश्माचा, त्यावरून अंदाज बांधू नका. शहराच्या दक्षिणेला दतिया, करेरा, झाशी या बाजूला बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट लागतो, सुमारे 250 कोटी वर्षांचा. तिथले शेतकरी जमिनीचे चार प्रकार नावाने ओळखतात : उतारावरची खडेदार ती राकड, तिच्याखाली पडुआ, मग काबर आणि सखल भागातली काळी ती मार. एकाच टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत गेलात तर यातल्या दोन-तीन तरी पायाखालून जातात. तुमची राकड आहे.

पुढच्या खेपेला गेलात की खड्ड्याच्या कडेचा मूठभर मुरूम तळहातावर घ्या आणि थोडं पाणी टाकून चोळा. काचेसारखे करडे दाणे दिसतील, ते नखाने फुटत नाहीत. तो क्वार्ट्झ, तो काही बदलायचा नाही. गुलाबी किंवा पांढरट दाणे नखाखाली दाबले तर काही फुटून पांढरं पीठ होतं. तो फेल्डस्पार, त्याचीच पुढे माती होते. आणि बोटांना सोनेरी चमकी चिकटेल. (आमच्या पुतण्याने ती काडेपेटीत भरून दौलतगंजातल्या सोनाराला दाखवायची ठरवली होती.) तो काळा अभ्रक, कुजला की सोनेरी दिसतो. कुजताना तो फुगतो, शेजारच्या दाण्यांना ढकलतो आणि एवढा कणखर ग्रॅनाइट रव्यासारखा सुटा होतो. सपाटीवर हे सगळं जागच्या जागी राहिलं असतं. उतारावर दर पावसाळ्यात बारीक पीठ खाली वाहून जातं आणि खडे मागे राहतात. म्हणून तुमच्याकडे खडे नि शेजाऱ्याकडे माती.

आता पाण्याचा हिशोब. एक फूट खोल राकड, त्यात निम्मे खडे धरले तर झाडाला ओढून घेता येईल असं पाणी जेमतेम 15-20 मिलिमीटर मावतं. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पातेल्यातलं पाणी दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे झाडाची शिदोरी दोन-चार दिवसांची, आणि वर टँकर ओतला तरी गाळणीतून गेल्यासारखं पाणी खाली खडकाला लागतं आणि त्यावरून घसरत निघून जातं. पैसे तुमचे, ओल खालच्या शेतात.

तुम्ही आणखी एक केलंय आणि ते अभिमानाने लिहिलंय, म्हणून बोलायला जीभ रेटत नाही : मजूर लावून वरचे सगळे खडे वेचून काढलेत. फोटोत जमीन झाडलेल्या अंगणासारखी दिसते. अहो, ते खडे म्हणजे त्या जमिनीचं झाकण होतं. पावसाचा थेंब मातीवर आपटू देत नव्हते, वाऱ्याला आणि उन्हाला ओल खाऊ देत नव्हते. काढलेले ढीग अजून बांधावर असतील तर झाडाच्या आळ्यात परत पसरा, चार बोटं जाडीने, फक्त खोडाला भिडवू नका.

काळ्या मातीचं म्हणाल तर हा प्रयोग मी स्वतः करून बसलोय. लिंबांसाठी तीन फुटी खड्डे घेतले, तळ्यातला गाळ भरला. पहिलं वर्ष झाडं इतकी तुकतुकीत की येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवत होतो. दुसऱ्या श्रावणात पानं पिवळी पडली. एक खड्डा उकरला तर आत चिखल, मुळांना कुजका वास, आणि तळाशी अखंड खडक. मी खड्डा नव्हे, रांजण पुरला होता. ज्या खड्ड्यांना तळाशी मुरूम होता तिथेही मुळं काळ्या मातीतच गोल फिरत राहिली, बाहेरच्या खड्यांत शिरलीच नाहीत. उन्हाळ्यात ती माती आक्रसून भेगाळली आणि मुळं तुटली. खड्ड्यातून निघालेलाच मुरूम परत भरा, त्यात एक-दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, बस. या जमिनीत नत्र आणि सेंद्रिय अंश कमी असतात, तेवढी भर पुरते.

मग झाड लावायचं कुठे? पहार घ्या. साडेचार-पाच फुटी, टोकदार. उतारावर दर चार पावलांवर ठोकत चला आणि कान द्या. 'टण' वाजून हाताला झिणझिण्या आल्या की खाली पाटा, म्हणजे अखंड खडक आहे, तिथे काही लावायचं नाही. 'खस्स' करत हातभर आत गेली की कुजका मुरूम आहे, तिथे चुन्याची खूण करा. ग्रॅनाइट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो, मधूनमधून फटी असतात, आणि झाड त्या फटींच्या जोरावर जगतं. ओळ सरळ यावी हा हट्ट सोडा. दहा-दहा फुटांवर दोरी धरून लावलेली बाग फोटोत छान दिसते, पण खालचा खडक काही दोरी धरून फुटलेला नसतो.

आणि आता ती पाच झाडं. उघडा खडक पाणी पीत नाही, सगळं खाली सोडतो. वीस चौरस मीटरच्या पाट्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की जवळजवळ 200 लिटर पाणी खालच्या कडेला येतं, टँकरवाल्याला न विचारता. त्या कडेला बारीक मातीही साठते, म्हणून तिथेच जमीन सर्वांत खोल असते. तुमच्या जागेत असे पाटे किती आहेत ते मोजा. माझ्या अंदाजाने बागेचा नकाशा तेच ठरवतील. प्रत्येकाच्या खाली उताराकडे दगडांची अर्धचंद्राकृती पाळ घाला, वीतभर उंच पुरे.

बाकी उतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले चर, घ्यायचे असतील तर घ्या, पण पातळी लावून. नजरेने काढलेला चर एका टोकाला फुटतो आणि घळ पाडतो. बोअरबद्दल एवढंच की ग्रॅनाइटमध्ये पाणी वरच्या कुजक्या थरात आणि भेगांत असतं. खोल जाऊ तितकं पाणी, हा हिशोब इथे चालत नाही.

काय लावायचं यात माझा पक्षपात उघड आहे : बोर. एप्रिल-मे आला की ते पानं टाकून झोपतं, म्हणजे जेव्हा जमिनीत काही नसतं तेव्हा ते मागतच नाही. पावसावर फुटतं, थंडीत फळ देतं. पण पिशवीतलं कलम आणू नका. पिशवीत सोटमूळ वळतं आणि वळलेलं मूळ फट शोधू शकत नाही. पहिल्या पावसात चुन्याच्या खुणेवर रानबोराच्या तीन-तीन आठळ्या टोका, सशक्त रोप ठेवून बाकीची काढा आणि पुढच्या वर्षी त्या खुंटावर गोला किंवा उमरान या चांगल्या बोराच्या जातीचा डोळा भरा, म्हणजे तिची कळी सालीत बसवून कलम करा. सीताफळही बियांपासून येतं, आणि बकऱ्या त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत. आवळा खालच्या बांधाजवळ. आंबा फक्त त्या रांगेत, जो जगलाय तो.

माथ्यावर जी खुरटी, जमिनीला चिकटलेली झुडपं 'काढून टाकू' म्हणताय, ती पानांवरून करधई वाटतात. शिवपुरीच्या जंगलात तिचे वृक्ष बघितले असतील, हिवाळ्यात तांबूस होणारे. बकऱ्यांनी सतत खाल्ली की ती अशी सरपटत राहते. काढू नका, काट्यांचं कुंपण घाला. दोन-तीन पावसाळ्यांत फांद्या उचलते. वरची माती तिनेच धरून ठेवली आहे, ती गेली तर तुमच्या पाळी खड्यांनी भरतील.

पाऊस यायला अजून महिना आहे, तेवढ्यात पहारीचं काम उरकून घ्या. आणि पुढच्या श्रावणात खुंट पेन्सिलीएवढे जाड झाले की कळवा. डोळे काढायच्या काड्या माझ्या झाडाच्या देईन, चाकूही माझाच. तुमच्याकडचा भाजीचा चालायचा नाही.