साईड बी : गाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

बेळगावात एका जिन्याखाली माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, 1986 ते 2002. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायचं, मी साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कायद्याच्या नजरेत ते काय होतं, एवढं सोडून बाकी सगळं विचारा. या महिन्याची पत्रं गाण्यांच्या लपलेल्या अर्थाविषयी आहेत.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला दुसरीच्या मुली दरवर्षी ‘माकारेना’वर नाचतात. भाचा म्हणतो, त्या गाण्याचा अर्थ चांगला नाही. नाच बंद करावा का? (एक शिक्षिका, निपाणी)

बाई, पोरींना नाचू द्या. त्यांना स्पॅनिश येत नाही, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांनाही येत नाही. अर्थ मात्र भाचा म्हणतो तसाच आहे. माकारेना हे गाण्यातल्या बाईचं नाव. तिच्या प्रियकराचं आडनाव व्हितोरिनो. तो सैन्यात भरती होतो, झेंड्यापुढे शपथ घेतो, आणि नेमकी त्याच वेळी ही बाई दोन मित्रांबरोबर... पुढचं कार्यक्रमपत्रिकेत छापण्यासारखं नाही.

आता बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. कसम परेड म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडनं आईबाप येतात, पोरगं ओळखू येत नाही म्हणून रांगेत शोधत बसतात. स्पेनमधली झेंड्याची शपथ म्हणजे असलाच प्रसंग. तो प्रसंग चालू असताना पाठीमागे काय चाललंय, त्याचं हे गाणं. आणि वरातीत बँजोवाल्यांनी ही चाल उचलली तेव्हा सुट्टीवर आलेले जवानच सगळ्यांत पुढे नाचत होते! एका हवालदारानं तर ती माझ्याकडनं कॅसेटच्या दोन्ही बाजूंना भरून घेतली होती. मला तेव्हा अर्थ ठाऊक नव्हता, नाहीतर एका बाजूवर भागवलं असतं.

गाणं लोस देल रिओ या सेव्हिलकडच्या दोघांच्या जोडीचं, 1993चं. जगभर गेलं ते मात्र मियामीच्या बेसाइड बॉईजनी इंग्रजी कडवी घालून केलेलं रूप. 1996 साली ते अमेरिकेत 14 आठवडे पहिल्या नंबरावर होतं. मूळचे दोघे तेव्हा पन्नाशीला टेकलेले, सुटाबुटातले काका. त्यांच्याकडं बघून कुणाला शंका येणार?

रिसेप्शनला आम्ही ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लावलं. बेंगळुरूहून आलेला पुतण्या म्हणाला, “काका, हे काय लावलास? हे प्रेमाचं गाणं नव्हे.” खरं काय? (एक वाचक, अनगोळ)

पुतण्या बरोबर आहे. मराठीत करून बघा: तुझ्या प्रत्येक श्वासावर, प्रत्येक पावलावर माझी नजर राहील. हे नवऱ्याचं बोलणं की पोलिसाचं? योगायोग असा, की बँडचं नावच ‘द पोलिस’. 1983चं गाणं. लिहिणाऱ्या स्टिंगचं पहिलं लग्न तेव्हा मोडत होतं, आणि हे मत्सराचं, पाळतीचं गाणं आहे असं त्यानं स्वतःच पुढं अनेकदा सांगितलं. ग्रॅमीमध्ये ते त्या वर्षीचं उत्तम गीत ठरलं आणि लग्नात वाजतंय ते आजवर. चाल इतकी गोड, की शब्दांकडे लक्षच जात नाही. मी स्वतः सात-आठ लग्नांच्या कॅसेटवर ते पहिलं भरलंय. त्यातली दोन लग्नं मोडली, पण तो दोष गाण्याचा नाही, मला दोन्हीकडची माणसं माहीत आहेत.

‘कोलावेरी’ म्हणजे नेमकं काय? (कॉलेज विद्यार्थी, शहापूर)

खुनशी राग, डोक्यात खून चढणं. शब्द तमिळ आहे. 2011च्या नोव्हेंबरात धनुषचं ते गाणं आलं तेव्हा महाराष्ट्रातली माझी भावंडं फोन करून अर्थ विचारत होती. इथं मात्र सलूनमध्ये कन्नड पेपर चाळणाऱ्याला निम्मा अर्थ आपोआप कळला, कारण ‘कोले’ हा शब्द तिथं रोज मथळ्यात असतो. कन्नडमध्ये कोले म्हणजे खून.

बोनी एमचं ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलोन’ डिस्कोचं गाणं, मग ते कॅम्पातल्या माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीला तोंडपाठ कसं? (एक गृहिणी, टिळकवाडी)

कारण शब्द बायबलमधले आहेत. स्तोत्रसंहितेतलं 137वं स्तोत्र. नेबुखद्नेस्सर राजानं यरुशलेम पाडलं आणि ज्यूंना बाबेलला धरून नेलं. नदीकाठी ते रडत बसलेले, आणि धरून नेणारे म्हणतात, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हणा की. परक्या मुलखात आपलं गाणं कसं म्हणायचं? एवढाच त्यातला प्रश्न. जमैकाच्या मेलोडियन्सनी 1970 साली त्याचं गाणं केलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांना ते आपलंच दुःख वाटलं यात नवल नाही. 1978 साली बोनी एमनं त्याला ठेका दिला आणि ते डिस्कोत गेलं.

परक्या मुलखातलं गाणं म्हटल्यावर आमच्याकडे कुणीतरी लगेच सीमाप्रश्न काढणार. इथं नको. त्याला या मासिकात वेगळी पानं आहेत.

‘कानडा वो विठ्ठलू करनाटकु’ या अभंगातला ‘कानडा’ म्हणजे कन्नडच ना? पुण्याच्या एका बाईंनी सांगितलं, तसा अर्थ नाही. (विद्यार्थिनी, खानापूर)

हे पत्र मी तीनदा वाचलं. पुण्याच्या बाई सांगतात तो अर्थ जुना आणि मान्य आहे. कानडा म्हणजे अगम्य, सहज न कळणारा. करनाटकु म्हणजे नाटक करणारा, लीला दाखवणारा. ज्ञानदेवांचा हा अभंग हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशाबाईंनी गायला, आणि माझ्या दुकानात एकादशीच्या आधी त्याच्यासाठी रांग लागायची.

पण या अर्थाखाली काय दडलंय बघा. न कळणाऱ्या बोलण्याला मराठी माणूस ‘कानडी’ म्हणत आला, म्हणून कानडा म्हणजे अगम्य. हे पुण्यात ठीक. आमच्या गल्लीत भाजीवाली कन्नड, शेजारी कन्नड, भांडण निम्मं कन्नडमधून. इथल्या माणसाला कानडा म्हटलं की अगम्य कसं आठवावं? त्याला शेजारीच आठवणार. आणि तो अर्थही काही चुकीचा नाही. पुरंदरदासांची कन्नड पदं ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेनं संपतात. रा. चिं. ढेऱ्यांनी तर ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचं कर्नाटकाशी असलेलं नातं सविस्तर मांडलंय. शब्द दोन्हीकडे वळावा असाच ज्ञानदेवांनी ठेवला, असं माझं मत. तुमच्या पेपरात मात्र पुण्याचा अर्थ लिहा, मार्क त्यालाच मिळतील.

एकदा अथणीकडची एक म्हातारी नातवाला घेऊन दुकानात आली होती. मराठी अजिबात येत नव्हतं. हा अभंग लागला होता, ती पायरीवर बसून पूर्ण ऐकत राहिली. संपल्यावर मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, “नम्मव री, नम्मव.” आमचा हो, आमचा. सगळ्या अभंगातले दोनच शब्द तिनं धरले होते. अगम्यबिगम्य मी काही तिला सांगायला गेलो नाही. कॅसेट भरून दिली आणि वर कन्नड लिपीत ‘विठ्ठल’ लिहिलं. त्यातला ‘ठ’ चुकला. नातवानं माझ्या हातातलं पेन घेऊन तो नीट केला.