सैतान नरकाचा मालक की कैदी?

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेलो की ख्रिस्ती श्रद्धेत सैतान हा नरकाचा राजा वगैरे नाहीये, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकतोय.

प्रश्न : सैतान देवाचा शत्रू ना? मग देवाचं न ऐकणाऱ्यांना तो नरकात छळतो कशाला? ती तर त्याचीच माणसं, त्यांचा सत्कार करायला पाहिजे त्याने!

उत्तर : शंका एकदम रास्त, पण ही अडचण बायबलमध्ये येतच नाही. शिंगं, शेपूट, हातात काटा नि समोर कढई, हे सगळं चित्रकारांचं काम. मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, २५ व्या अध्यायात येशू म्हणतो की तो सार्वकालिक अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेला आहे, आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात तर सैतानालाच धरून अग्नीच्या सरोवरात टाकतात. म्हणजे जेलर नाही, कैदी. आणि तेसुद्धा शेवटी, आत्ता तो बाहेर मोकळाच फिरतोय, गर्जणाऱ्या सिंहासारखा, असं येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाचं बायबलमधलं पत्र सांगतं. आपल्या डोक्यात यमराज बसलेला असतो म्हणून घोळ होतो. यम न्याय करतो, सैतानाला तो अधिकारच नाही. बायबलमधल्या ईयोब नावाच्या सज्जन माणसाच्या गोष्टीत तर बिचाऱ्या ईयोबाला त्रास द्यायचा तरी याला आधी देवाची परवानगी काढावी लागते. नरकाचं वर्णन करणाऱ्या दान्ते या इटालियन कवीनेही त्याला नरकाच्या तळाशी बर्फात छातीपर्यंत गाडून ठेवलाय, सिंहासन बिंहासन काही नाही.

प्रश्न : बायबलमधली भुतं म्हणजे मेलेल्या माणसांचे आत्मेच का?

उत्तर : नाही. मराठी बायबलमध्ये 'भूत लागलेला' असे शब्द येतात म्हणून आपल्याला तसं वाटतं, पण चर्चची शिकवण अशी की ते बिघडलेले देवदूत. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या मोठ्या सभेने, स्पष्टच म्हटलं की देवाने त्यांना चांगलंच घडवलं होतं, वाईट ते स्वतःहून झाले. म्हणजे देवाच्या तोडीचा दुसरा कुणी काळा देव असा प्रकार ख्रिस्ती धर्मात नाहीच.

मार्कचा ५ वा अध्याय वाचा एकदा. एक माणूस थडग्यांमध्ये राहतोय, बेड्या घातल्या तर तोडून टाकतो, रात्रंदिवस ओरडतो आणि दगडांनी स्वतःलाच ठेचून घेतो. येशू नाव विचारतो तर उत्तर येतं, सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. आणि मग हे एवढं सैन्य काय करतं, तर गयावया करतं, आम्हाला निदान त्या डुकरांत तरी जाऊ दे! सुमारे २००० डुकरं कड्यावरून समुद्रात जाऊन बुडतात आणि तो माणूस कपडे घालून शुद्धीवर येऊन शांत बसलेला लोकांना दिसतो. लोक घाबरतात ते तेव्हा, आधी नाही. मला तर ही सगळ्यात भारी जागा वाटते त्या गोष्टीतली.

प्रश्न : नरकात खरंच आग असते का, आणि कायमची? देव प्रेमळ आहे म्हणता ना?

उत्तर : येशूच्या तोंडी जो शब्द आहे तो गेहेन्ना, आणि ही खरीखुरी जागा, यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी. तिथे कधीकाळी लोकांनी आपलीच पोरं आगीत बळी दिली होती, यिर्मया संदेष्टा त्यावर किती चिडून बोलतो बघा. त्यामुळे गेहेन्ना म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटाच येत असणार. जुन्या करारातला 'शिओल' वेगळा, तो अधोलोक, तिथे चांगले वाईट सगळेच जातात.

आता आग खरी की उपमा यावर चर्चमध्येच एकमत नाही. कॅथलिक म्हणतात मुख्य शिक्षा म्हणजे देवापासून कायमची ताटातूट, १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले होते की नरक ही जागेपेक्षा अवस्था आहे. ७ व्या शतकातला सीरियाचा इसहाक हा संत म्हणतो नरकातल्यांना फटके बसतात ते देवाच्या प्रेमाचेच. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ, ते म्हणतात दुष्ट जळून संपतात, छळ चालू राहत नाही. आणि ४ थ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरी या बिशपला तर शेवटी सगळेच सुटतील अशी आशा होती. प्रेमळ देवाचा प्रश्न तुम्हालाच पडलाय असं समजू नका, तो या सगळ्यांना पडलेला. मला इसहाकचं पटतं, पण ते माझं झालं.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीला रात्री आवाज ऐकू येतात. घरचे म्हणतात सैतानाची बाधा आहे, भूत काढून घेऊ. हे कुणीही करू शकतं का?

उत्तर : काही पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या शक्तीवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे) पास्टर थेट प्रार्थना करतात, पण कॅथलिक चर्चमध्ये बिशपच्या खास परवानगीशिवाय कुठल्याही फादरला हा विधी करता येत नाही. आणि १६१४ च्या जुन्या विधीच्या सुरुवातीच्या नियमांतच असं आहे की बाधा झालीय असं पटकन मानू नका. नव्या नियमांतही आधी आजार नाही ना हे बघायचं. घरच्यांना हेच दाखवा आणि तिला याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे न्या, प्रार्थना सोबत चालू राहिली तरी कुणाची हरकत नाही.