लॅपटॉपवर चालते, डिप्लॉय केली की रिकामी

प्रश्न : ताई, मी नेक्स्ट जेएस या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये सिनेमे शोधायची साइट केलीय, डेटा टीएमडीबी या सिनेमांच्या ऑनलाइन डेटाबेसच्या एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागायच्या सोयीवरून, घेतो. लॅपटॉपवर झकास चालते पण डिप्लॉय केली, म्हणजे इंटरनेटवर चढवली, की होमपेजवर एकही पोस्टर नाही, नुसतं हेडर दिसतं. त्यात एक मित्र म्हणाला की तुझी एपीआय की, म्हणजे डेटा मागायचा खासगी कोड, सगळ्या जगाला दिसतेय. दोन दिवस झाले डोकं चालेनासं झालंय.

उत्तर : आधी रिकाम्या पानाचं बघू. एपीआय की तुम्ही प्रोजेक्टमधल्या डॉट ईएनव्ही फाइलमध्ये ठेवली असणार, आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये असते, म्हणजे गिटवर, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सिस्टीमवर, जातच नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग होस्टिंगला ती की कुठून मिळणार? तिथल्या सेटिंग्जमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून ती वेगळी टाकावी लागते, नाव अक्षर न अक्षर तेच. तुम्ही आधीच टाकली असेल तरी पुन्हा एकदा डिप्लॉय करा. इथेच बरेच जण अडकतात, एपीआय की टाकून पेज रिफ्रेश करत बसतात, पण आधी झालेल्या बिल्डला, म्हणजे कोडपासून तयार होऊन गेलेल्या साइटला, ती नवी व्हॅल्यू माहीतच नसते.

आता मित्राचं. तो खरं बोलतोय. व्हेरिएबलच्या नावाच्या सुरुवातीला 'नेक्स्ट पब्लिक' लावलं की बिल्ड होताना ती व्हॅल्यू थेट जावास्क्रिप्टमध्ये छापली जाते आणि तीच फाइल प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जाते. ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सचा नेटवर्क टॅब उघडला की रिक्वेस्टमध्ये की दिसते, हॅकर वगैरे असायची गरज नाही. नुसतं ते नाव बदललंत तर की दिसायची थांबेल, पण क्लायंट कंपोनंटमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागात, की ऐवजी अनडिफाइन्ड येईल आणि साइट परत रिकामी. म्हणून खरा उपाय हा की फेच, म्हणजे डेटा मागवायचं कामच, तिथून उचलून सर्व्हरवर न्यायचं. होमपेज सर्व्हर कंपोनंट करा, फंक्शन असिंक करा, आतच फेच आणि अवेट, यूजइफेक्ट आणि लोडिंगची स्टेट दोन्ही काढून टाका. डेटा सर्व्हरवर येतो, ब्राउझरला तयार एचटीएमएल मिळतं, की बाहेर जातच नाही. मला हा फ्रेमवर्क आवडतो तो यासाठीच, आणि तो घेऊन सगळी पानं वरच्या ओळीला 'यूज क्लायंट' लावून लिहिलेली बघितली की खरंच वाईट वाटतं.

ती की एकदा जरी गिटमध्ये कमिट झाली असेल तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती असतेच. नवी की घ्या, जुनी बंद करा.

एवढं करूनही बिल्डच फेल झाला आणि 'मॉड्यूल सापडत नाही' असं आलं, तर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा. विंडोजला आणि मॅकला सहसा फरक पडत नाही, होस्टिंगचा सर्व्हर लिनक्स असतो, त्याला पडतो. मी एका साइटला याच एका अक्षरापायी अख्खी संध्याकाळ घालवलीय.

प्रश्न : सर्चमध्ये भराभर टाइप केलं की आधीच्या अर्ध्या शब्दाचे रिझल्ट शेवटी येऊन बसतात. आणि शेवटच्या पानांवर गेलं की एरर. असं का?

उत्तर : प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट जाते आणि उत्तरं त्याच क्रमाने परत येतील असं काही नसतं, दोन अक्षरांचं उत्तर सहा अक्षरांच्या उत्तरानंतर आलं की तेच स्क्रीनवर राहतं. डिबाउन्स लावा, साधारण ३०० मिलिसेकंद, म्हणजे टायपिंग थांबल्यावरच रिक्वेस्ट जाईल. पण त्याने रिक्वेस्ट कमी होतात, शर्यत संपत नाही, त्यासाठी नवी रिक्वेस्ट पाठवताना जुनी अबॉर्ट कंट्रोलरने रद्द करायची. आणि माझं ऐकाल तर सर्चचा शब्द स्टेटमध्ये, म्हणजे पानाच्या तात्पुरत्या मेमरीत, न ठेवता यूआरएलमध्ये ठेवा. बॅक बटण चालतं, लिंक कुणाला पाठवली तर त्यालाही तेच रिझल्ट दिसतात, आणि सिनेमा उघडून परत आल्यावर सर्च पुसला जात नाही, जे सिनेमे चाळणाऱ्या माणसाला फार महत्त्वाचं असतं.

शेवटच्या पानांचं म्हणाल तर टीएमडीबी एका पानाला २० सिनेमे देतं आणि ५०० च्या पुढचं पान देतच नाही, एकूण पानं त्याहून जास्त दाखवत असलं तरी. त्यामुळे पेजिनेशन ५०० वर तोडा. आणखी एक, काही सिनेमांना पोस्टरच नसतं, तिथे नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, येतं आणि फुटका फोटो दिसतो, त्याला एक साधा राखाडी चौकोन ठेवा. पोस्टर ग्रिडमध्ये 'ओरिजिनल' साइजचे मागवू नका, ३४२ पिक्सेल रुंदीचे पुरतात, मोबाइलवर फरक लगेच कळतो.

प्रश्न : माझी साइट व्हीट (Vite) हे बिल्ड टूल आणि पानं बदलणारी रिअॅक्ट राउटर ही लायब्ररी यांवर आहे. सिनेमाच्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४. लिंकवर क्लिक करून गेलं तर नीट उघडतं.

उत्तर : क्लिक केल्यावर राउटर ब्राउझरमध्येच पान बदलतो, सर्व्हरला पत्ताही नसतो. रिफ्रेश केलं की ब्राउझर त्या पत्त्याची फाइल सर्व्हरकडे मागतो, आणि तिथे तर एकच इंडेक्स एचटीएमएल आहे. होस्टिंगमध्ये रीराइटचा नियम टाका की जी फाइल सापडत नाही तिच्यासाठी इंडेक्स द्यायची.

आणि तिघांनाही सांगते, टीएमडीबीचा डेटा वापरताय तर त्यांचा लोगो आणि 'आमचं यांनी समर्थन किंवा प्रमाणन केलेलं नाही' या अर्थाची त्यांनी ठरवून दिलेली ओळ साइटवर लावा, ती त्यांची अटच आहे. त्या माहितीतली कितीतरी लोकांनी स्वतःच्या वेळात हाताने भरलीय. साइटवरून पैसे कमवायचे असतील तर फुकटची की चालत नाही, आधी त्यांच्याशी बोलून घ्या.