अटीवर मिळणाऱ्या परदेशी रॉयल्टीवर कर कोणत्या वर्षी?

तुम्ही ठाण्यात राहता, ॲपचं लायसन्स अमेरिकन कंपनीला दिलंय आणि तिची विक्री ठरलेल्या आकड्यापुढे गेली तरच रॉयल्टी मिळणार. मग करारावर सही झाली त्या वर्षीच कर भरायचा का? नाही. पैसे मागण्याचा हक्क निर्माण झाल्याशिवाय उत्पन्न उद्भवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ई. डी. ससून प्रकरणात १९५४ सालीच स्पष्ट केलंय.

हिशेब मर्कंटाइल पद्धतीचा (पैसे हाती येण्याची वाट न पाहता हक्क निर्माण होताच उत्पन्न नोंदवण्याचा) असेल तर अट पूर्ण झाल्याची तारीख धरा. समजा विक्रीने २८ मार्चला टप्पा ओलांडला आणि स्टेटमेंट मे महिन्यात आलं, तरी उत्पन्न ३१ मार्चला संपलेल्या वर्षातलंच. बहुतेकांची गल्लत इथेच होते. मात्र ‘हिशेब तपासून मंजूर झाल्यावरच रॉयल्टी देय’ असं कलम असेल तर हक्कच पुढे सरकतो, म्हणून ते कलम आधी वाचाच. रोख पद्धतीत पैसे हाती आले ते वर्ष.

अमेरिकेत भारत-अमेरिका कर-करारानुसार १५ टक्क्यांपर्यंत कर कापला जाईल. इथे रक्कम कापण्याआधीची, पूर्ण दाखवा. त्या कराचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून वजावट, ते उत्पन्न भारतात दाखवाल त्याच वर्षी मिळतं.