बाबांच्या जांघेतली गाठ झोपल्यावर नाहीशी होते – हर्निया असेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा 61 वर्षांचे, उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा, दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली की संध्याकाळी मोठा दिसतो, रात्री आडवं झालं की गायब. दुखत नाही. बाबा म्हणतात सोयाबीन निघाल्यावर बघू, काकांनी तोवर हर्नियाचा बेल्ट आणून दिलाय. हर्नियाच आहे का, आणि थांबलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या वॉर्डात 26 वर्षं सिस्टर होते, त्यामुळे असे फुगवटे खूप पाहिलेत. वर्णन तरी हर्नियाचंच वाटतंय. नक्की काय ते सर्जन हात लावूनच सांगतील. पण तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीत: झोपल्यावर गाठ आत जाते. आपल्याकडे सगळे दुखतंय का एवढंच विचारतात. हर्नियात रोज विचारायचा प्रश्न हा, की आज गाठ आत गेली का?

आपली जुनी माणसं ‘आतडं उतरलं’ म्हणतात, ते बऱ्यापैकी बरोबर आहे. पुस्तकात अंतर्गळ. पोटाची भिंत जिथे कच्ची असते तिथून आतली चरबी किंवा आतड्याचं वेटोळं बाहेर डोकावतं, गोणीची शिवण उसवल्यावर दाणे डोकावतात तसं. पुरुषांत जांघेची जागा मुळातच कच्ची, कारण जन्माआधी अंडकोष पोटातून त्याच वाटेने खाली उतरतात आणि ती वाट पुढे आयुष्यभर थोडी कमकुवत राहते. म्हणून शंभरातल्या पंचवीसेक पुरुषांना कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो, बायकांत तीनेक जणींना. त्यात पंपाचं वजन (16 लिटर पाणी पाठीवर म्हणजे थोडं नाही), जुना खोकला, कुंथून शौचाला बसणं यांची भर पडते. बाबांना एक विचारा, लघवीला जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठतात? या वयात प्रोस्टेटचं (लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचं) दुखणं सोबत असेल तर डॉक्टरांना ते आधी कळलेलं बरं.

ओपीडीत नेहमी दिसायचा तो प्रकार सांगते. पेशंट सकाळी लवकर निघून येतो, टेबलावर झोपतो, गाठ आत. नवीन डॉक्टर दाबून बघतो, काही लागत नाही, पेशंटचा चेहरा पडतो. मग मोठे सर यायचे आणि म्हणायचे, “उठवा त्यांना. उभं करा. खोका बरं बाबा, जोरात.” खोकला की बोटाखाली टपकन धक्का लागायचा. म्हणून आज संध्याकाळी शेतातून आल्यावर, हातपाय धुवायच्या आधी, बाबांना उभं करून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लाजतील, पण त्या फोटोने एक खेप वाचते.

जांघेतली प्रत्येक गाठ हर्निया नसते. पायाला जखम, काटा, नखुरडं झालं की अवधाण येतं (जांघेतली ग्रंथी सुजते), ती गाठ दुखरी असते आणि झोपल्याने आत जात नाही. हायड्रोसीलमध्ये अंडकोषाच्या पिशवीत पाणी भरतं, तेही मोठ्या माणसांत झोपून ओसरत नाही. आणि पोरगेल्या मुलाला अचानक अंडकोषात मरणाची कळ लागली, तर गाठ-बिठ बघत न बसता ताबडतोब दवाखाना गाठायचा. तिथे अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो.

आता माझ्याच घरातली चूक सांगते. माझी आत्या, 68 वर्षांची, काटकुळी, नऊवारीतली. एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा. गावातल्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी सलाईन लावलं. मला फोन आला तेव्हा मीही हेच विचारलं, “काय खाल्लं होतंस आत्या?” इतकी वर्षं वॉर्डात काढून मी हे विचारलं! तिसऱ्या दिवशी पोट फुगलं तेव्हा आमच्याकडे आणली. हाउसमन (शिकाऊ डॉक्टर) पोरगी होती, तिने नेसूचा कासोटा सोडायला लावला, आणि उजव्या जांघेच्या घडीच्या जरा खाली सुपारीएवढी टणक गाठ दिसली. आत्याला ती कित्येक महिने माहीत होती. “अवधाण असेल म्हटलं,” म्हणाली. कुणाला दाखवणार, कसं सांगणार. वीतभर आतडं काळं पडलेलं निघालं, ते कापावं लागलं. चौदा दिवस वॉर्डात होती. वाचली.

तो मांडीच्या बाजूचा हर्निया होता. बायकांत, त्यातही वयस्कर बारीक बायकांत तो जास्त दिसतो. गाठ छोटी असते आणि वाट अरुंद, म्हणून अडकायचा धोका मोठा. तेव्हा हे वाचणाऱ्या ताईंनो, आई-सासूबाईंना उलट्या आणि पोटदुखी असेल तर जांघेत काही लागतंय का ते आडपडदा न ठेवता विचारा. सिझेरियनच्या किंवा जुन्या ऑपरेशनच्या टाक्याजवळ खोकताना फुगतं, तोही हर्नियाच.

बाबांच्या बाबतीत घरात सगळ्यांना माहीत असावं ते असं. नेहमी आत जाणारी गाठ एक दिवस जात नाही, टणक होते, हात लावू देत नाही, वरची कातडी लाल-काळी पडते. किंवा गाठीसोबत उलट्या होतात, पोट फुगतं, गॅस आणि शौच बंद होतं. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढा. जिथे सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर दोघं आहेत अशा दवाखान्यातच न्या, मधे कुठे थांबू नका. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ते काळं पडतं. तेल लावून चोळायचं नाही, जोर करून आत ढकलायचं नाही, जुलाब द्यायचा नाही. तोंडाने पाणीसुद्धा नको, कारण ऑपरेशनसाठी पोट रिकामं लागतं.

थांबण्याबद्दल. ज्यांना फारसा त्रास नाही अशा 720 पुरुषांवरचा उत्तर अमेरिकेतला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. लक्ष ठेवणाऱ्यांत हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी निघालं. म्हणजे बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण दोन वर्षांत त्यातल्या जवळपास चौथाईंनी, बहुतेक दुखतंय म्हणून, ऑपरेशन करून घेतलं, आणि दहा वर्षांत दोनतृतीयांशांनी. म्हणजे आज ना उद्या करायचंच, असं धरून चला. शिवाय ती माणसं 16 लिटरचा पंप घेऊन फिरत नसावीत, आणि त्यांना तपासून मग थांबवलं होतं. बाबांना अजून कुणी हातही लावलेला नाही. सर्जन म्हणाले काढणीपर्यंत थांबा, तर खुशाल थांबा, पण फवारणीला मजूर लावा. हे सगळं पुरुषांच्या जांघेच्या हर्नियाबद्दल आहे, आत्यासारख्यांना लागू नाही.

ऑपरेशनमध्ये कच्च्या जागी जाळी बसवतात, तिची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण बाबा पुढेमागे विचारतीलच, ‘शरीरात प्लास्टिक कशाला’ म्हणून. नुसती शिवण ताणाने परत उसवू शकते, म्हणून ठिगळ लावतात, इतकं ते साधं आहे. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. पुढे युगांडात 302 पुरुषांवर अशा स्वस्त मच्छरदाणीच्या आणि महाग जाळीची तुलना झाली, 2016 मध्ये ती छापून आली, आणि वर्षभराने दोन्हींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. (घरची मच्छरदाणी घेऊन जाऊ नका, डॉक्टरांकडे त्यांची असते.) पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांनी तर रुग्णाच्याच स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी वापरून बिनजाळीची पद्धत काढली. कोणती करायची हे सर्जनच्या हातावर सोडा, ज्याला जे रोजचं आहे ते तो चांगलं करतो.

बहिणीच्या बाळाच्या बेंबीचंही तुम्ही शेवटी विचारलंय. बेंबीचा फुगवटा बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसतो. वर नाणं बांधून काही होत नाही, खाली घाम साचून कातडी मात्र खराब होते. बाळाच्या जांघेत फुगवटा असेल तर तो वेगळा, तो आपोआप बसत नाही आणि लवकर अडकतो, त्याला लगेच दाखवा.

राहिला काकांचा बेल्ट. तो गाठ दाबून धरतो, भोक बुजवत नाही. गाठ बाहेर असताना वरून आवळला तर आतडं चिमटायची भीती. डॉक्टरांनी सांगितलं तर आणि तसंच वापरा, तोवर खोक्यात राहू द्या. काकांना वाईट वाटेल, पण पावती असेल तर दुकानदार परत घेतो बहुधा.